मिरचीच्या कुंडीची दवा

नर्सरी या शब्दाचे नांदेडात दोन अर्थ होतात. एका नर्सरीत रोपं मिळतात आणि दुसरीत लेकरं घालतात. ओंकारच्या नर्सरीनं हे दोन्ही धंदे एकत्र करायचं मनावर घेतलं आणि सृष्टीच्या सुखी संसारात चिलटं शिरली.

शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच जगदेवी टीचरनी प्रत्येक लेकराच्या हातात मिरचीचं एकेक रोप ठेवलं. कुंडीत लावा, वाढवा, श्रावणात प्रदर्शन आहे तेव्हा घेऊन या. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण त्या दिवशी प्रत्येक लेकरानं आपल्या कुंडीशेजारी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. 'हे माझं रोप आहे', एवढंच. जे बोलेल ते दिवाळीनंतर वरच्या वर्गात बसेल. जे बोलणार नाही त्याला, जगदेवी टीचर गोड हसून म्हणाल्या, अजून थोडं पिकू देऊ.

सृष्टीला तिथंच घाम फुटला. कारण तिचं लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बोलत नव्हतं. नाव ओंकार, आणि हाक मारली तर ओ देईल तर शपथ. सगळं समजायचं. चप्पल आण म्हटलं की चप्पल आणायचा, बाबांची आण म्हटलं की बाबांची आणायचा. पाहिजे ती वस्तू बोटानं दाखवून 'ऊं' म्हणायचा आणि ती मिळेपर्यंत त्या ऊंची पट्टी वाढवत न्यायचा. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, सगळं ठणठणीत आहे म्हणाले, मागं लागू नका, आपोआप बोलेल. पण सृष्टी लातूरची. सराव करून घेतला की काहीही येतं, यावर लातूरच्या माणसाची श्रद्धा असते. आजपर्यंत तिथून जी काही मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडली ती मागं लागूनच पडली होती. तेव्हा ओंकार दात घासत असो, जेवत असो की संडासात बसलेला असो, सृष्टी समोर बसून घोकून घ्यायची, "हे. माझं. रोप. आहे." ओंकार तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा, आणि शेवटी तिच्या हातातल्या चमच्याकडं बोट करून ऊं म्हणायचा.

एवढ्यानं भागलं असतं तरी सृष्टीनं सोसलं असतं. पण समोरच्या दारात अफसानाभाभी राहत होत्या, आणि अफसानाभाभींना हमजा होता. ओंकारच्याच वर्गात, ओंकारपेक्षा दोन महिन्यांनी लहान. हमजा घरात दखनी बोलायचा, जिन्यात मराठी, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीसमोर अस्सल दिल्लीची हिंदी. भाजीवाल्याशी घासाघीस करायचा. सृष्टीला बघितलं की "वहिनी, ओंकार काय करून राहिला?" असं म्हाताऱ्या माणसासारखं विचारायचा. सृष्टी त्याच्या गालाला हात लावून हसायची आणि दार लावून घेतल्यावर तोच हात साडीला पुसायची. वाईट बाई नव्हती ती. फक्त रोज सकाळी कुणी आपल्या उंबऱ्यासमोर चार भाषा बोलायला लागलं, तर माणसाचा स्वभाव किती दिवस टिकणार?

आणि आता त्यात मिरच्या आल्या.

दोन्ही घरांच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून होत्या. मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं ओंकारची कुंडी, पलीकडं हमजाची. रोपं एकाच दिवशी आलेली, एकाच वाफ्यातली. सृष्टीनं तर कुंडीही लाल मातीची आणली होती. अफसानाभाभींनी रंगाचा रिकामा डबा घेऊन त्याला खिळ्यानं भोकं पाडली होती. सृष्टी सकाळी पाणी घालायची, दुपारी माती कोरडी वाटली की घालायची, संध्याकाळी झाडालाही बरं वाटावं म्हणून घालायची. शिवाय ती वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. होती, पहिल्या वर्गात. पहिल्या वर्गातल्या बाईची मिरची पंधरवड्यात पिवळी पडली आणि रंगाच्या डब्यातली मिरची भिंतीवरून डोकावून बघायला लागली.

एके दिवशी सृष्टीनं कुंडी हलवली तर मातीतून चिलटांचा ढगच उठला. बारीक, काळी, आळशी चिलटं. उडायची, उडाल्यासारखं करायची, परत मातीवर बसायची. दोन ओंकारच्या वरणात पडली. तिनं काडीनं वरची माती उकरली तर आत केसासारख्या पांढऱ्या अळ्या, काळ्या डोक्याच्या, मुळाशी पंगत मांडून बसलेल्या. तिनं भिंतीपलीकडं बघितलं. रंगाच्या डब्यात एक चिलट नव्हतं. होती ती पांढरी फुलं.

"अफसानाचं का मरंना गं माय?" सृष्टी कमरेवर एक हात ठेवून दात-ओठ खात म्हणाली. चारचौघांत ती नेहमी 'भाभी' म्हणायची. पण राग आला की तिच्या तोंडून पदवी गळून पडायची आणि लातूर बाहेर यायचं. घरात तेव्हा कुणी नव्हतं. नवरा बजरंग अर्धापूरच्या वीज कार्यालयात होता. ओंकार तेवढा कडेवर होता. पुढं गॅलरीत गेलं की हा प्रश्न रोजचाच झाला.

तिनं सासूबाईंना फोन लावला. केवळाबाई हदगावकडच्या गावात राहायच्या, त्यांच्या शेतात कापूस आणि सोयाबीन उभं होतं. "राख टाक चुलीतली," त्या म्हणाल्या. "लई सोपं काम हाय माय." तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला चूल नसते हे त्यांना पटायला वेळ लागला. मागून सासरे किशनराव विचारत होते, किती रानाला कीड लागली म्हणून. एका कुंडीला, असं कळल्यावर त्यांनी फोन हातात घेऊन सुनेची विचारपूस केली, तब्येत बरी आहे ना, झोप लागते ना.

राख बजरंगनं आणली, अर्धापूरच्या एका हॉटेलाच्या भट्टीतून. हॉटेलवाल्यानं विचारलं, भांड्याला का? बजरंग लाजून हो म्हणाला. सृष्टीनं राख टाकली, वर सवयीनं पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी कुंडीत सिमेंटचा कोबा तयार. चिलटं आता कुंडीच्या कडेनं ये-जा करायला लागली, जणू त्यांच्या घरासमोर पक्का रस्ता झाला.

मग चौथ्या मजल्यावरचे सिद्रामप्पा काका स्वतःहून खाली आले. ते उदगीरकडचे, कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना पर्यवेक्षण करायला काहीच मिळालं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची मागितली, चहा मागितला, आणि मातीला बोट लावून निकाल दिला, "पाणी जास्त." सृष्टीच्या ते जिव्हारी लागलं. लेकराची आई झालेल्या बाईला पाणी जास्त झालं म्हणणं म्हणजे माया जास्त झाली म्हणण्यासारखंच. ते पुढं म्हणाले, वरची माती वाळू द्या, काही करू नका, हात बांधून बसा. काही करू नका हा सल्ला ऐकायला ती बी.एस्सी. झाली नव्हती. तिचा चेहरा बघून काकांनी जाता जाता दुसरा उपाय सांगितला, की पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून टांगा, चिलटं येऊन चिकटतील.

हे मात्र सृष्टीला पटलं, कारण यात करण्यासारखं काहीतरी होतं. एरंडेलाच्या जोडीला तिनं उंदीर पकडायचा डिंकही लावला, म्हणजे शंकेला जागा नको. पुठ्ठा गॅलरीतल्या दोरीवर टांगला, बजरंगच्या शर्टांच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी बजरंग घाईघाईत शर्ट अंगात घालून मोटारसायकलवर अर्धापूरला गेला. दुपारपर्यंत कचेरीत कुणी काही बोललं नाही. साहेबाच्या पाठीवर पिवळा पुठ्ठा आहे म्हणजे वरून काहीतरी नवीन मोहीम आली असेल, असं सगळ्यांना वाटलं. शेवटी बिलाची तक्रार घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं जवळ जाऊन नीट वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "साहेब, ह्या मेलेल्या चिलटांचं बी बिल आम्हीच भरायचं का?" त्या संध्याकाळी बजरंग घरी आला तो सरळ आंघोळीला गेला, आणि दोन दिवस त्यानं मिरची हा शब्द जेवतानाही उच्चारला नाही.

तोवर पलीकडच्या डब्यात फुलांच्या जागी बारीक मिरच्या धरल्या होत्या. एवढ्या मिरच्या लागूनही अफसानाभाभींच्या वागण्यात कणभर गर्व नव्हता, आणि हेच सृष्टीला सर्वांत जास्त लागत होतं. माणूस मिरवलं तर त्याच्यावर नीट रागावता तरी येतं.

शेवटी एका सकाळी तिनं अभिमान गुंडाळून ठेवला. ओंकारला कडेवर घेऊन ती गॅलरीत गेली. अफसानाभाभी कपडे वाळत घालत होत्या. खाली रस्त्यावर घंटागाडी गाणं वाजवत चालली होती, त्यामुळं दोघींनाही आवाज चढवावा लागला.

"भाभी, काय करावं हो," सृष्टी म्हणाली, "किती मागं लागले तरी आमचं काही हलेना."

अफसानाभाभींनी तिच्याकडं बघितलं, कडेवरच्या ओंकारकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत माया आली. "टेन्शन नका घेऊ वहिनी. मी दवा करून राहिले ना रोज."

सृष्टी भिंतीला येऊन टेकली. म्हणजे दवा आहे तर. "कोणती?"

"आमच्या अम्मीनं शिकवलेली. पहाटे करायची. उपाशीपोटी, हातपाय धुऊन. लागतेच ती."

"नाव काय तिचं?"

"तिला काय नाव असतंय," भाभी हसल्या. "तुम्ही तुमची करा की. ज्याची त्याची अलग असते."

घंटागाडी वळली, आवाज थांबला, पण सृष्टीच्या डोक्यातला सुरू झाला. रोज दवा. रोज. आणि नाव सांगायचं नाही. वर पुन्हा ज्याची त्याची अलग. शाळेत असताना सगळा अभ्यास करून 'माझं काहीच झालं नाही' म्हणणाऱ्या मुली असायच्या, त्यातलीच ही. आणि चेहरा बघा, लोणी.

त्या रात्री तिनं गजर लावला आणि पहाटे अंधारात गॅलरीत जाऊन भिंतीखाली दबा धरून बसली. सांगितल्याप्रमाणं पलीकडं दिवा लागला. नळ वाजला, हातपाय धुतल्याचा आवाज आला. मग शांतता. मग बारीक पुटपुटणं. प्रमाण मोजत असणार, सृष्टीनं ताडलं, एका लिटरला किती वगैरे. आता पंप घेऊन बाहेर येईल म्हणून ती श्वास रोखून बसली. कुणी आलं नाही. दिवा मालवला. बाहेर आलं ते फक्त तिच्या मानेवर एक चिलट, तिच्याच कुंडीतलं.

दुसऱ्या दिवशी ओंकारला घेऊन ती रिक्षानं नव्या मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात गेली. दुकानात चार-पाच शेतकरी बाकड्यावर बसले होते. तिनं दुकानदाराला हळूच सांगितलं, मिरचीच्या मातीतल्या अळीची दवा पाहिजे, पहाटे उपाशीपोटी हातपाय धुऊन करायची असते ती.

दुकानदारानं पेन खाली ठेवलं. "अशी दवा माणसाला देतेत ताई. झाडाला कुठं पोट असतंय?"

बाकड्यावर खसखस पिकली. मग त्यानं विचारलं, क्षेत्र किती? सृष्टीच्या ओठावर 'एक कुंडी' आलं होतं, पण बाकडं कान टवकारून बसलं होतं. "अर्धा एकर," ती म्हणाली.

"रान कुठल्या अंगाला?" बाकड्यावरच्या एकानं आपुलकीनं विचारलं.

"वरच्या अंगाला," सृष्टी म्हणाली. तिसरा मजला होता, खोटं काही नव्हतं.

"मग पाण्याचं कसं?"

"पाणी जास्तच आहे म्हणतात."

बाकड्यानं एका आवाजात हळहळ व्यक्त केली, आणि सगळ्यांनी मिळून अर्ध्या एकराची जबाबदारी उचलली. घरात लहान लेकरू आहे, विषारी काही नको, एवढं ती अडून राहिली. तेव्हा एकमतानं निंबोळी पेंडीचं अख्खं पोतं तिच्या रिक्षात चढवण्यात आलं. सृष्टीनं त्यातली मूठभर कुंडीत घातली. उरलेलं पोतं जिन्याखाली ठेवलं, आणि रात्रीच्या पावसात ते भिजलं. सकाळी अपार्टमेंटमध्ये असा वास सुटला की तळमजल्यावरच्यांनी चेंबर तुंबलं म्हणून महानगरपालिकेची गाडी बोलावली. गाडीबरोबर आलेल्या माणसांनी चेंबर उघडलं, वाकून बघितलं, हे तर स्वच्छ आहे म्हणाले आणि तक्रार खोटी म्हणून सेक्रेटरीला दम देऊन गेले. सेक्रेटरीनं जिन्यात फलक लावला. त्यात नाव नव्हतं, पण 'काही उच्चशिक्षित रहिवासी' असं लिहिलं होतं.

प्रदर्शनाला आठवडा उरला. केवळाबाई नातवाचं कौतुक बघायला हदगावहून आल्या. त्यांना वाटलं, सुनेला आराम द्यावा, आपणच वरणभात करावा. कुकर उघडला तर वरणाच्या डब्यात माती. वाफेनं अळ्या मरतात असं कुठंतरी वाचून सृष्टीनं कुंडीतल्या वरच्या मातीला तीन शिट्ट्या करून घेतल्या होत्या.

केवळाबाईंनी मातीत बोट घालून खात्री केली. मग डबा खाली ठेवून म्हणाल्या, "माय, एवढं कुणावर जळू न्हाई."

सृष्टीला ते एकदम लागलं. ती मोरीजवळ बसली आणि रडली. मिरचीसाठी नाही, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. आठवड्यानं ओंकार तोंड मिटून उभा राहणार, आणि शेजारी हमजा भाषण करणार. सगळ्या बायका आधी ओंकारकडं बघतील, मग कुंडीकडं, मग तिच्याकडं, आणि मनात म्हणतील, हिला काहीच वाढवता येत नाही. केवळाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ओंकारची दृष्ट काढली, आणि हात रिकामा होताच मिरचीच्या रोपाचीही काढली. दृष्ट काढायला मिरच्याच होत्या. रोपाला काय वाटलं असेल ते असो.

त्यानंतर सृष्टीनं हातच टेकले. मातीला पाणी नाही, पेंड नाही, राख नाही. ओंकारच्या मागंही लागली नाही. गॅलरीत गेली की सवयीनं पलीकडं बघून आपला जुना प्रश्न तेवढा विचारायची. बाकी काही नाही. माती वाळून भेगाळली आणि चिलटं कुठं गेली ते कळलंही नाही. प्रदर्शनाच्या सकाळी काडीच्या टोकाला दोन हिरवी पानं होती, एवढीशी, उंदराच्या कानासारखी.

शाळेच्या हॉलमध्ये कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. हमजाचा डबा मिरच्यांनी वाकला होता, आणि त्याला लागूनच ओंकारची काडी. नशिबालाही शेजार सोडवला नाही. हमजानं आधी सलाम केला, मग नमस्कार, मग झाडाला ऊन का लागतं ते दोन भाषांत सांगितलं. टाळ्या झाल्या. सृष्टीनंही वाजवल्या, एका हाताचा दुसऱ्याला फारसा स्पर्श होऊ न देता.

"आता ओंकार," जगदेवी टीचर म्हणाल्या. "सांग बरं बाळा, हे काय आहे?"

सृष्टीनं डोळे मिटले. बजरंगनं तिचा हात धरला. केवळाबाईंचे ओठ हलायला लागले. ओंकारनं आपल्या काडीकडं बघितलं. मग शेजारच्या डब्याकडं बघितलं. त्यानं कमरेवर एक हात ठेवला, डब्याकडं बोट केलं, दात-ओठ खाल्ले आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"अफसानाचं का मरंना गं माय?"

जगदेवी टीचरना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "काय म्हणालास?" एका शब्दासाठी ज्याच्या पाया पडावं लागायचं तो ओंकार आता कुणी न सांगता दुसऱ्यांदा म्हणाला, आणखी मोठ्यानं, शेवटचा 'माय' लांबवून. उच्चार स्वच्छ होता. हेल लातूरचा होता. कमरेवरचा हात कुणाचा, हे अख्ख्या हॉलला कळलं.

"बोलला," बजरंग म्हणाला, आणि उठून उभा राहिला. "अगं, बोलला." केवळाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. सृष्टीला रडावं की बाकाखाली जाऊन बसावं, समजेना. तिचं लेकरू बोललं होतं. अख्खं वाक्य, क्रियापदासकट. आणि नांदेड सोडून कायमचं लातूरला जायला पुढची गाडी कधी आहे, हाही विचार त्याच वेळी मनात चालू होता.

अफसानाभाभी जागेवरून उठल्या. सृष्टीनं मान खाली घातली. भाभी सरळ ओंकारपाशी गेल्या, त्याला उचललं, त्याचा मुका घेतला, आणि एवढ्या हसल्या की बुरख्याच्या टोकानं त्यांना डोळे पुसावे लागले.

"कबूल झाली," त्या म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं का वहिनी, रोज पहाटे ह्याच्यासाठी दुवा करून राहिले म्हणून?"

सृष्टीनं मान वर केली. "दुवा?"

"मग काय?"

"मी दवा ऐकलं. मिरचीची."

अफसानाभाभी तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून पिवळा पुठ्ठा, पोतं, महानगरपालिकेची गाडी, सगळं एकेक करून गेलं असावं. "मिरचीला कशाची दवा?" त्या म्हणाल्या. "तिला तं पाणी घालायचं बी याद राहत न्हाई मला."

शेजारच्या ओळीत सिद्रामप्पा काका बसले होते, बोलावणं नसताना झाडांची पाहणी करायला आलेले. त्यांनी एवढंच केलं, की चष्मा काढला आणि पुसला.

जगदेवी टीचरनी निकाल दिला की नियमात वाक्य बोलायचं होतं, कुणाच्या झाडाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ओंकार वरच्या वर्गात. सृष्टीनं भाभींची माफी मागितली. भाभी म्हणाल्या, माफी कशाची, माझाबी ओंकारवर लई दिवसांपासून जीव जळून राहिलाय. आमचा हमजा बोलून बोलून कान खातो, आणि तुमचं पोरगं कसं गुमान बसतं. सृष्टीला हे ऐकून जे वाटलं ते ती कुणाला सांगणार नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिनं हमजाच्या गालाला लावलेला हात साडीला पुसला नाही.

घरी येताना जिन्यात पहिल्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, काय झालं हो? अफसानाभाभी थांबून आनंदानं सांगायला लागल्या, ओंकार बोलला, आणि पहिलाच बोल कोणता माहितीय? माझं नाव. अफसाना. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच, जरा आणखी रंगवून. सृष्टी काडीची कुंडी कडेवर घेऊन मागं उभी होती. नऊ महिने कुणी वाहिलं, तीन वर्षं कुणी घोकून घेतलं, चमचा हातात धरून 'आई' म्हण 'आई' म्हण करत कुणी बसलं, आणि पहिल्या वाक्यात नाव कुणाचं?

तिच्या ओठांवर काहीतरी आलं. तेवढ्यात तिनं खाली बघितलं. ओंकार पायरीवर उभा होता, मान वर करून, तिच्या तोंडाकडं टक लावून.

सृष्टीनं ते गिळलं.